भाचीचा प्रश्न: हेलियमला दोन, मॅग्नेशियमला पण दोन, मग?

१८ ऑगस्टला भाचीला घेऊन विजयदुर्गला गेलो होतो. त्या दिवशी किल्ल्यावर हेलियम दिवस साजरा करतात, शाळांची पोरं येतात, आणि ती यंदा दहावीला, म्हणून म्हटलं चल, पुस्तकातलं एक तरी मूलद्रव्य आपल्या देवगड तालुक्याच्या नावाशी जोडलेलं आहे ते बघून येऊ. पाऊस होताच. अशी सर आली की तटावरून वाघोटनची खाडी दिसेना, आम्ही दोघं एका कमानीखाली अंग चोरून उभे, आणि तिथंच तिने वहीच्या मागच्या पानावर पेनाने गोल काढायला सुरुवात केली. गोल म्हणजे अणूचं कवच, ठिपके म्हणजे त्यातले इलेक्ट्रॉन. एक गोल, त्याच्यावर दोन ठिपके, हा हेलियम. मग एकात एक तीन गोल, दोन, आठ, दोन, हा मॅग्नेशियम.

"हेलियमाक दोन, मॅग्नेशियमाक पण शेवटाक दोनच. मगे एक वायू आणि एक धातू कसो, मामा?"

मी लगेच उत्तर दिलं, आपण सगळे देतो तेच. हेलियमचं पहिलं कवच दोनातच भरतं, द्विक म्हणजे दोनाची जोडी पूर्ण झाली, म्हणून तो निष्क्रिय. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भरला म्हणान काय झाला? भरल्या कवचाक काय कुलूप आसता?"

बीएस्सीला केमिस्ट्री घेऊन पास झालो, आता आंब्याची कलमं आणि बाबांची होडी सांभाळून संध्याकाळी पडवीत सात-आठ पोरांना शिकवतो, आणि हा प्रश्न इतक्या वर्षांत मला कोणी विचारला नव्हता, मी स्वतःला पण विचारला नव्हता. पुढचे चार दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. ते सगळं इथे लिहून ठेवतोय, कारण दहावीच्या अजून कितीतरी पोरांच्या मनात हीच शंका असणार आणि ती विचारायचं राहून जात असणार.

आधी किल्ल्याचं सांगतो. विजयदुर्गात दगडी ओटे आहेत, त्यांना साहेबाचे कट्टे म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं ते बघायला इंग्रज आले होते आणि त्यांच्या दुर्बिणी ठेवायला हे बांधले, असं गावात सांगतात. नोंदी बघितल्या तर त्या ग्रहणात गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे उजेडातले रंग सुटे करून, बघितला, त्यात एक पिवळी रेघ होती. नॉर्मन लॉकियर यांना ती रेघ त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडात, ग्रहण नसताना दिसली. सोडियमच्या दोन पिवळ्या रेघा सगळ्यांना माहीत होत्या, ही त्यांच्या शेजारची पण त्यांच्याशी न जुळणारी, पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थात न सापडलेली. म्हणून लॉकियर म्हणाले हे नवीन मूलद्रव्य, आणि ग्रीकमध्ये सूर्याला हेलिओस म्हणून नाव दिलं हेलियम.

आता त्या नावाच्या शेपटाकडे बघा. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम. हम्फ्री डेव्हीने १८०७-०८ मध्ये हे धातू सुटे केले तेव्हापासून नव्या धातूच्या नावाला 'इयम' लावायची रीत पडली होती. लॉकियर यांना वाटलं सूर्यातला हा पदार्थ धातूच असणार, म्हणून इयम. मग १८९५ ला विल्यम रॅमसे यांनी क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजावर आम्ल घातलं, त्यातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेघ दिसली, तेव्हा कळलं की हा तर वायू आहे आणि कशाशी म्हणजे कशाशीच संयोग करत नाही. निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन यांच्या नावाला 'ऑन', आणि त्यांच्याच घरातला हेलियम मात्र धातूचं आडनाव घेऊन बसला. पण लॉकियर यांना दोष द्यायचा नाही, नाव ठेवलं तेव्हा इलेक्ट्रॉन हा शब्दसुद्धा कोणाला माहीत नव्हता, थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला १८९७ ला. धातू कशामुळे धातू होतो हे सांगायला कोणाकडे काही साधनच नव्हतं.

आपल्याकडे साधन आहे आणि तरी आपण ते अर्धवट वापरतो असं माझं मत झालंय. शाळेत आम्हाला घोकून घेतलं होतं: शेवटच्या कवचात एक, दोन, तीन असतील तर धातू, पाच, सहा, सात असतील तर अधातू, आठ असतील तर निष्क्रिय वायू. परीक्षेला चालतं. पण हायड्रोजनला एक आहे, तो धातू नाही. हेलियमला दोन, नाही. बोरॉनला तीन, तो धातुसदृश. दुसऱ्या बाजूने बघायला गेलं तर बिस्मथला पाच आहेत आणि तो चक्क धातू. नुसता आकडा मोजून काम होत असतं तर हे एवढे सगळे हुकले नसते.

मग मी तिला म्हटलं, आधी धातू म्हणजे काय ते तर बघू. संध्याकाळी पाऊस उघडला तेव्हा पायरीच्या बाजूच्या काळ्या दगडावर वायरीतली तांब्याची तार ठेवली आणि शेजारी शिरोड्याच्या मिठागरातल्या खडेमिठाचा एक जाडसर खडा. तिच्या हातात हातोडी दिली. तारेवर पाच-सहा टोले घातले, तार चपटी झाली, पातीसारखी, कडा चकाकायला लागल्या पण तुटली नाही. मिठावर एकच टोला आणि त्याचा चुरा, चुरा पण कसा, बारीक बारीक चौकोनी कपच्या, सरळ कडांच्या. ती तो चुरा बोटावर घेऊन उजेडात बराच वेळ बघत बसली.

तांब्याच्या तारेत प्रत्येक अणूने आपला बाहेरचा साधारण एक इलेक्ट्रॉन मोकळा सोडलेला असतो. कोणाला दिलेला नसतो हां, सोडलेला. तो कुठल्याच एका अणूचा राहत नाही, सगळ्या तुकड्याचा होतो. मी तिला रापणीचं उदाहरण दिलं कारण रापण तिने लहानपणापासून बघितली आहे. किनाऱ्यावर जाळं ओढायला पन्नास माणसं दोराला लागतात, मासा येतो तो अमक्याने ओढला म्हणून अमक्याचा असं नसतं, सगळ्यांचा असतो, आणि दोरावरची दोन माणसं जागा बदलून इकडची तिकडे झाली तरी जाळं येतंच. धातूवर हातोडी मारली की अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, पण सगळ्यांचे मिळून असलेले इलेक्ट्रॉन सगळीकडे पसरलेलेच असतात, त्यामुळे सरकलेला थर नव्या जागी परत धरला जातो. म्हणून तार चपटी होते. वीज वाहते ती त्यामुळेच, चकाकी पण त्यामुळेच, पडलेला उजेड हे मोकळे इलेक्ट्रॉन परत फेकतात. मिठात असं काही मोकळं नाही. तिथे धन आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू), ऋण आयन (इलेक्ट्रॉन घेतलेले अणू) एकाआड एक बसलेले, थर जरा सरकला की धनासमोर धन येतो, ऋणासमोर ऋण, आणि ते एकमेकांना ढकलून देतात. म्हणून सरळ कडेने फुटतं.

आता मुद्द्यावर येऊ. कोण सोडणार आणि कोण नाही?

इलेक्ट्रॉन ओढून काढायला किती ऊर्जा लागते ते मोजता येतं, आयनीभवन ऊर्जा म्हणतात, इलेक्ट्रॉन व्होल्ट या मापात. आवर्त सारणीतल्या तिसऱ्या आडव्या ओळीत, म्हणजे तिसऱ्या आवर्तात, सोडियमपासून आर्गॉनपर्यंत चालत गेलात तर आकडे असे: सोडियम ५.१, मॅग्नेशियम ७.६, ॲल्युमिनियम ६.०, सिलिकॉन ८.२, फॉस्फरस १०.५, गंधक १०.४, क्लोरीन १३.०, आर्गॉन १५.८. मधे दोन ठिकाणी जरासा खाली येतो पण एकंदर चढच. कारण प्रत्येक पावलाला केंद्रकात एक प्रोटॉन वाढतो, ओढ वाढते, आणि नवीन इलेक्ट्रॉन त्याच कवचात बसतात, ते एकमेकांच्या आड फारसे येत नाहीत. म्हणून इलेक्ट्रॉन वाढत गेले तरी अणू उजवीकडे लहानच होत जातो, हे पोरांना पहिल्यांदा पटतच नाही. डावीकडची सैल पकडवाली मंडळी धातू, उजवीकडची घट्ट पकडवाली अधातू, सिलिकॉन मधल्या उंबऱ्यावर.

आणि हेलियम? २४.६. सगळ्या मूलद्रव्यांत सगळ्यात जास्त.

तिने लगेच विचारलं, केंद्रकात दोनच प्रोटॉन, मॅग्नेशियमकडे बारा, मग दोनवाल्याची पकड बारावाल्यापेक्षा घट्ट कशी? हा प्रश्न ऐकून मला खरंच बरं वाटलं. मॅग्नेशियमचे बारा प्रोटॉन आहेत खरे, पण बाहेरच्या दोघांच्या आणि केंद्रकाच्या मधे आतले दहा इलेक्ट्रॉन उभे, ते बरीचशी ओढ झाकून टाकतात, बाहेर पोचते ती तीनच्या आसपासची. तरी ती हेलियमपेक्षा कमी नाहीये! हेलियमच्या एका इलेक्ट्रॉनला दुसऱ्याचा थोडा आडोसा धरला तर दोनाहूनही कमी ओढ जाणवते. फरक पडतो तो अंतराचा. हेलियमचे दोघे पहिल्याच कवचात, केंद्रकाला खेटून, मॅग्नेशियमचे तिसऱ्या कवचात, साधारण पाचपट लांब. चुलीजवळ बसलेल्याला निखारे थोडे असले तरी भाजतं, पडवीत बसलेल्याला मोठी चूल असून काही लागत नाही.

इथे मी थांबलो असतो तर चाललं असतं. पण रात्री झोपताना मला पारा आठवला. पाऱ्याची आयनीभवन ऊर्जा १०.४. गंधकाची पण १०.४. पकड सारखीच, तरी पारा धातू आणि गंधक पिवळा ठिसूळ अधातू. म्हणजे पकड हे अर्धंच उत्तर झालं, उरलेलं अर्धं आहे रिकाम्या जागांमध्ये.

हे सकाळी मी तिला एसटीवर समजावलं. गणपतीच्या आधी मुंबईहून येणारी गाडी आठवा, सगळ्या सीट भरलेल्या, माणूस हलणार कुठे, जो तो आपापल्या जागेवर. तीच गाडी एरवी दुपारी देवगडहून निघते तेव्हा दहा-बारा माणसं, कोणी खिडकीशी जातो, कोणी पुढे गप्पा मारायला जातो. माणसं हलायला माणसं सैल असून भागत नाही, शेजारी रिकामी सीट पण लागते. मॅग्नेशियमच्या बाहेरच्या दोघांना त्याच कवचात वरच्या रिकाम्या जागा हाताशी आहेत, एकट्या अणूतसुद्धा तिथे चढायला २.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात, आणि करोडो अणू एकमेकांना चिकटले की भरलेल्या जागा आणि रिकाम्या जागा एकमेकांत मिसळूनच जातात, मग फिरायला अडवणारं कोणी नाही. हेलियमच्या कवचात दोनच सीट, दोन्ही भरलेल्या, पुढची रिकामी जागा १९.८ वर. तेच भाचीचं कुलूप. भरलेलं कवच म्हणजे काही पवित्र आकडा नाही, भरलेलं म्हणजे पुढची जागा फार लांब.

पाऱ्याला वरच्या जागा जवळ आहेत म्हणून तो धातू, पण दोघांवर पकड घट्ट म्हणून सगळ्यांत मिळून सोडतो ते कसंबसं, अणू एकमेकांना धड धरत नाहीत, आणि म्हणून उणे ३९ अंशापर्यंत तो पातळच. गंधकाला आठातल्या सहा भरलेल्या, दोन रिकाम्या, त्या दोन तो दोन शेजाऱ्यांचे हात धरून भरून टाकतो, आठ-आठ अणूंची कडी होते, सगळे इलेक्ट्रॉन जोडीजोडीने अडकले. आता फिरणार कोण.

इथपर्यंत आल्यावर मला जे सापडलं ते मला स्वतःला सगळ्यात आवडलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चौदावा गण, म्हणजे आवर्त सारणीतला चौदावा उभा रकाना. कार्बन २,४. सिलिकॉन २,८,४. जर्मेनियम २,८,१८,४. कथील २,८,१८,१८,४. शिसं २,८,१८,३२,१८,४. सगळ्यांना शेवटी चारच. शाळेतला नियम इथे हात टेकतो, कारण एकाच आकड्यातून वर पक्का अधातू आणि खाली पक्का धातू. आणि हे पाचही जण आमच्या घरात निघाले, भाचीनेच गोळा केले.

कार्बन म्हणजे करवंटीचा कोळसा, तो चुलीपाशी होताच. पाटावर ठेवून मारला, भुगा. तिने पेन्सिलीचं शिसं पण आणलं, त्याला आपण शिसं म्हणतो पण ते ग्राफाइट, कार्बनच. बॅटरीचे सेल आणि एक छोटा एलईडी जोडून मधे पेन्सिलीचं टोक लावलं आणि दिवा लागला! अधातू आणि वीज वाहते. ग्राफाइटमध्ये कार्बन तीन हात शेजाऱ्यांना देतो आणि चौथा इलेक्ट्रॉन त्या थरभर मोकळा राहतो, म्हणून. हिऱ्यात चारही हात बांधलेले, तिथे काही हलत नाही. कार्बन तोच, इलेक्ट्रॉन तेवढेच, शेजार बदलला.

सिलिकॉन छपरावर, सोलरच्या काळ्या पत्र्यात, आणि ऑक्सिजनशी जोडलेला किनाऱ्यावरच्या वाळूत. जर्मेनियम माळ्यावर, आजोबांच्या जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत, त्या काळच्या रेडिओत जर्मेनियमचेच ट्रान्झिस्टर असायचे. या दोघांत बांधलेल्या जागेवरून मोकळ्या जागेवर उडी मारायला मधे भिंत आहे, हिऱ्यात ती भिंत ५.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट उंच, सिलिकॉनमध्ये १.१, जर्मेनियममध्ये ०.६७. आपल्याला दिसणाऱ्या उजेडाच्या एका कणात दीड ते तीन एवढी ऊर्जा असते. म्हणून उजेड हिऱ्यातून सरळ आरपार जातो, एकाही इलेक्ट्रॉनला उचलू शकत नाही, आणि सिलिकॉनमध्ये मात्र उचलतो आणि आमच्या पडवीतला दिवा त्यावर चालतो. खाली जाल तसा अणू मोठा, शेजाऱ्यांची मिठी सैल, भिंत बुटकी.

कथील म्हणजे कल्हई. आमच्याकडे गणपतीच्या आधी कल्हईवाला येतो, आता कमी झालेत पण येतो, आणि आईची पितळी भांडी त्याच्याकडे जातात. या वर्षी भाची त्याच्यासमोर उकिडवी बसली ती उठेचना. भाता फुंकून भांडं तापवलं, नवसागराची पूड टाकली, पांढरा धूर उठला, घशात खवखवणारा, मग कथलाची कांडी नुसती टेकवली की टोक पाणी होऊन पसरलं, २३२ अंशालाच वितळतं ते, आणि कापसाच्या बोळ्याने त्याने एक फेर दिला तशी पिवळ्या पितळेवर आरशासारखी पांढरी पट्टी उमटत गेली. धातूच, यात शंकाच नाही. पण हाच कथील १३.२ अंशाच्या खाली बराच काळ राहिला तर त्याचे अणू हिऱ्यासारखी मांडणी धरायला लागतात, चारही हात बांधून, आणि चकाकणारा पांढरा धातू हळूहळू करड्या भुकटीत बदलतो, धातूचे गुण जातात. आपल्या किनाऱ्यावर एवढी थंडी टिकत नाही म्हणून आईच्या भांड्यांना ती भीती नाही. पण विचार करा, एकाही अणूतला एकही इलेक्ट्रॉन कमी-जास्त झाला नाही आणि धातू अधातूसारखा झाला. म्हणजे एकटा अणू धातू नसतोच. धातू हा गावाचा गुण आहे, घराचा नाही. अणूची मांडणी ठरवते की गाव कसं वसेल, एवढंच.

शिसं जाळ्याला, बुडीसाठी बांधलेले गोळे. नख मारलं तरी ओरखडा उठतो एवढं मऊ. पूर्वी बाबा घरीच चुलीवर शिसं वितळवून गोळे ओतायचे, आता मी करू देत नाही, त्याचा धूर आणि भुकटी अंगात गेली तर वाईट, लहान पोरांना तर फारच. हाताळून झालं की हात धुवायचे हे तिला आधी सांगितलं.

कार्बनची पकड ११.३, शिशाची ७.४, बाहेरचे चारच. अंतर वाढलं, मधे आडोशाला थर वाढले, पकड सैल झाली, रिकाम्या जागा जवळ आल्या.

अजून एक गोष्ट सांगायचीच आहे कारण ती मला खटकते. सोडियमला एक इलेक्ट्रॉन "द्यायचा असतो" आणि क्लोरीनला "घ्यायचा असतो" असं आपण शिकवतो, मी पण शिकवायचो. सोडियमला काहीही द्यायचं नसतं. त्याच्याकडून काढायला ५.१ खर्च होतात. क्लोरीनने घेतल्यावर ३.६ परत मिळतात. हिशेब करा, दीड अजून अंगावरच. तो खर्च भरून निघतो तो पुढे, धन सोडियम आणि ऋण क्लोराइड एकमेकांजवळ येऊन मिठाच्या खड्यात रचले जातात तेव्हा. आठाचा आकडा पूर्ण व्हावा अशी कोणाची इच्छा नसते, सगळं मिळून ऊर्जा कमी होते म्हणून ते घडतं. शिरोड्याला १९३० मध्ये ज्या मिठासाठी सत्याग्रह झाला त्याच्या प्रत्येक खड्यात हा हिशेब मिटलेला आहे. आणि आमची जांभ्याची भिंत लाल आहे ती पण लोखंडाने आपले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे सोपवलेत म्हणून, त्या चिऱ्यात लोखंड आहे, ॲल्युमिनियम आहे, पण मोकळा इलेक्ट्रॉन नाही, म्हणून चिरा कितीही ठोका, चपटा होत नाही, फुटतो.

चौथ्या दिवशी बाबा बंदरात होडीचं काम करत होते. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठते पण वारा होता म्हणून आमची होडी अजून वरच ओढलेली. पंख्याच्या दांड्यापाशी झिंकचा ठोकळा बसवतात, तो जुना काढून त्यांनी वाळूत टाकला होता. भाचीने उचलला. गेल्या वर्षी नवीन बसवताना गुळगुळीत होता, आता वाळवीने खाल्ल्यासारखा, भोकाभोकांचा, खाचांत पांढरी पूड, अर्धासुद्धा उरला नव्हता. शेजारचा पितळी पंखा मात्र जसाच्या तसा.

"झिंक जाता म्हणान पंखो रवता," बाबा म्हणाले, स्क्रू आवळता आवळता.

तिने तिथेच वाळूत बोटाने लिहिलं, झिंक, तीस. २, ८, १८, २. आणि माझ्याकडे बघितलं. "मामा, ह्येका पण दोनच!"

आणि यात एक गाठ आहे जी मी तिच्यापासून लपवली नाही. झिंकची आयनीभवन ऊर्जा ९.४, तांब्याची ७.७. म्हणजे एकट्या अणूचं बघितलं तर झिंकची पकड तांब्यापेक्षा घट्ट, मग समुद्राच्या पाण्यात आधी झिंक का विरघळतं? कारण पाण्यात जायचं तर आधी गावातून बाहेर पडायला लागतं. तांब्याचे अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, वितळायलाच १०८५ अंश लागतात. झिंकचे सैल, ४२० ला वितळतं. दोघांकडून दोन-दोन इलेक्ट्रॉन काढायचा खर्च जवळपास सारखा, पाण्याने आयनांना वेढून घेतलं की परत मिळतं ते पण जवळपास सारखं, फरक राहतो तो गाव सोडण्याचा. झिंक सहज सोडतं. त्याचे इलेक्ट्रॉन धातूतून धातूत पंख्याकडे जातात, आणि तोपर्यंत पंख्यातल्या तांब्याला आपले सोडायची वेळच येत नाही.

तिने वाळूतल्या आकड्यांच्या खाली हेलियम लिहिलं, मॅग्नेशियम लिहिलं, झिंक लिहिलं, तिघांपुढे दोन-दोन, आणि थोड्या वेळाने दोनांच्या पुढे २४.६, ७.६, ९.४. लाट तिथपर्यंत येत नव्हती. जुना ठोकळा तिने धुऊन घरी नेला, तो आता तिच्या टेबलावर कंपासपेटीच्या शेजारी आहे, आणि काल तिने विचारलंय की हायड्रोजनला एकच आहे, मग त्याला कोणी दाबून दाबून बसवलं तर तो धातू होईल काय. १९३५ मध्ये विग्नर आणि हंटिंग्टन या दोघांनी हाच हिशेब मांडला होता आणि गुरू ग्रहाच्या पोटात तसा हायड्रोजन आहे असं शास्त्रज्ञ मानतात, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. रविवारी पडवीत सगळ्या पोरांसमोर तिलाच प्रश्न मांडायला सांगणार आहे.